शुक्रवारचं पाणी

पालो आल्तो, सामाना
१९ एप्रिल १९९५

प्रिय दिग्ना,

आधी खुशाली लिहिते, म्हणजे पुढचं पत्र तू धड वाचशील. तुझे बाबा, माझे काका, बरे आहेत. तेओफिलोही बरा आहे. दिवसभर माझ्या नावाने बोटं मोडतो आणि जेवायला बसला की दोनदा वाढून घेतो. नवऱ्याची याहून चांगली बातमी काय असते? तुझी कनेला घोडी आता म्हातारी झाली, पण चढणीवर अजून दुसऱ्या घोड्याला पुढे जाऊ देत नाही. मालकिणीवर गेलीये.

तू ज्यांच्या घरी कामाला आहेस त्या मिर्ताबाई आणि त्यांचे यजमान येऊन गेले. तू शनिवार लिहिला होतास, तसे शनिवारीच आले. बाईंना कनेलावर बसवलं, साहेबांना तेओफिलोच्या काळ्यावर. साहेब इतके घट्ट धरून बसले होते की काळ्यालाच त्यांची कीव आली असावी, एरवी लाथा झाडणारा घोडा गाईसारखा चालला. ओढे ओलांडले, वर धबधब्यापाशी पोचले, डोहात मनसोक्त पोहले, परत येऊन माझ्या हातचं नारळाच्या रसातला मासे-भात चापून खाल्ला. बाई म्हणाल्या, दिग्नाने सांगितलं होतं त्याच्या दुप्पट सुंदर आहे. ओनेसिमा तिच्या घोड्यांच्या अड्ड्यावरून मान वाकडी करून बघत होती. सान हुआनची माणसं नाव विचारत माझ्या दारात आली, याचं तिला दोन दिवस अजीर्ण झालं असेल.

पवित्र शुक्रवार नेहमीसारखाच गेला. गुरुवारी संध्याकाळीच सगळ्या अड्ड्यांनी खोगिरं उतरवून ठेवली. घोड्यावर बसायचं नाही, खिळा ठोकायचा नाही, पाण्यात उतरायचं नाही. उतरला तो मासा झाला, हे आजीने आपल्या मनावर इतकं ठसवलं होतं की लहानपणी तू गुरुवारीच तोंड धुऊन ठेवायचीस, आठवतं का? घेवड्याची गोड खीर केली, रताळी घालून. तुझ्या वाटची ओनेसिमाला दिली, काय करणार.

हो, एक राहिलं. काका शनिवारी घरामागच्या ओल्या दगडावर घसरले आणि नडगीला जरा खरचटलं. काळजीचं काही नाही. कोरफड लावलीये.

बाईंना माझा नमस्कार सांग. तुझ्यावर खूश आहेत ना? कागदांचं बघतील ना तुझ्या?

तुझी,
नेरेइदा

सान हुआन
७ मे १९९५

ताई,

पत्र मिळालं. बोटीने येणारी माणसं आता लवकर मिळतात, पोस्टापेक्षा बरं.

बाई खूश आहेत. डोहाची गोष्ट जो येईल त्याला सांगतात. मला नव्या चपला आणून दिल्या आणि वकिलाशी बोलू म्हणाल्या. बघू. इथे पोर्तो रिकोत होडीतून चोरून आलेल्यांची रांग मोठी आहे आणि बाईंना विसरायची सवय आहे.

बाबांच्या पायाचं नीट लिही. कुठे लागलं, किती खोल, कसं लागलं? घरामागच्या दगडांवरून ते साठ वर्षं चालताहेत, माझ्या जन्मात घसरलेले मी पाहिले नाहीत. आणि शुक्रवारी त्यांनी काय केलं तेही लिही. उगीच विचारते आहे. इथे त्या दिवशी समुद्रकिनारा माणसांनी फुलून गेला होता, कोणी काही पाळत नाही, तेव्हा घरची आठवण आली. बाबा दिवसभर काय करत होते, काय खाल्लं, कोणाशी बोलले, असं सगळं लिही म्हणजे मला घरी बसल्यासारखं वाटेल.

तेओफिलोभावोजींना नमस्कार.

दिग्ना

पालो आल्तो
२५ मे १९९५

प्रिय दिग्ना,

तुला घरी बसल्यासारखं वाटावं म्हणून लिहिते. शुक्रवारी काका सकाळी उठले, नेहमीप्रमाणे कोणाशी बोलले नाहीत. अंगणात आंब्याखाली खुर्ची टाकली. रेडिओवर देवाची गाणी चालू होती, ती ऐकत बसले. मी खीर नेऊन दिली तर म्हणाले, गोड कमी आहे. गोड कमी नव्हतं. आणखी एक वाटी मागून घेतली ती का मग? दुपारी झोपले. संध्याकाळी पांढरा सदरा घालून मिरवणुकीला गेले. झालं. म्हातारा माणूस अजून काय करणार?

पायाचं म्हणशील तर खरचटलं होतं तिथे जरा चिघळलंय. दाखवत नाहीत. एवढ्या उकाड्यात पायात लांब मोजे घालून बसतात, माझ्या तेओफिलोचे, पडवळासारखे. मी ओरडते, तर म्हणतात, पाय माझा आहे. तुला ठाऊकच आहे, तुमच्या घराण्यात हट्ट वाटताना देवाने हात आखडता घेतला नाही.

हल्ली घोड्यांबरोबर येत नाहीत. कनेलाचा लगाम तेओफिलो धरतो. ती त्याला चावली.

पाऊस चांगला झालाय, डोह भरलाय. तू स्वतःला जप, वेळेवर जेव. तुझ्या बाई सांगतात त्या गोष्टीत माझ्या मासे-भाताचा उल्लेख असतो की नाही, ते कळव.

तुझी,
नेरेइदा

सान हुआन
१० जून १९९५

ताई,

पुरे कर.

मला पहिल्या पत्राच्या आधीपासून सगळं माहीत आहे. बाई परत आल्या त्या सोमवारी मी नाश्ता मांडत होते तेव्हाच त्यांनी सांगितलं. "तुमचा डोंगर शुक्रवारी किती शांत होता ग, आमच्याशिवाय एक माणूस नाही." पुढे म्हणाल्या, डोहात त्यांचा पाय शेवाळावरून सटकला, त्या पाण्याखाली गेल्या आणि किंचाळल्या. "तर तुझे वडील बूट-कपड्यांनिशी धावत आले, मला कवेत उचलून बाहेर आणलं, आणि पाणी किती, तर माझ्या कमरेइतकं. आम्ही हसून हसून लोळलो. ते मात्र हसले नाहीत. काठावर गुडघे टेकून बसले, बिचारे घाबरले."

मीही हसले, ताई. त्यांच्या बशीत पपई वाढत होते आणि हसले. बाबा का गुडघे टेकून बसले ते त्या घरात एकट्या मला कळलं होतं आणि मी दात दाखवत उभी राहिले.

तू खोटं लिहिलंस म्हणून मी चिडले, तुझी परीक्षा बघितली, तू खिरीच्या वाट्यांसकट सजवून पुन्हा खोटं लिहिलंस. पण मी कुठल्या तोंडाने बोलणार? आता माझं ऐक. निघायच्या आधी बाईंनी मला विचारलं होतं, "आम्हाला शनिवारी परत फिरावं लागेल, शुक्रवारी चालेल ना? की ते मासा होण्याचं तुमच्याकडे अजून मानतात? माझी आजी मानायची." इतकं हसून विचारलं, की आमच्याकडे मानतात, माझे बाबा मानतात, असं म्हणायची मला लाज वाटली. मी म्हटलं, छे, आता कोण मानतं. आणि तुला मात्र शनिवार लिहिला. मला वाटलं, ते शुक्रवारी आले तर तू त्यांना दारातून परत पाठवशील आणि बाई तुझ्यावर रागावतील, माझ्यावर नाही. इतका हिशोब केला होता मी. बाबांना पुढे करशील हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आता बाबांच्या पायाचं खरं लिही. एक अक्षर लपवू नकोस.

दिग्ना

पालो आल्तो
२० जून १९९५

दिग्ना,

तुझं पत्र वाचलं आणि चूल विझवून बसून राहिले. सगळं लिहिते. तू काय म्हणायचं ते म्हण.

तुझी माणसं शुक्रवारी सकाळी दारात उभी राहिली. मी सांगितलं, आज टेकडीवर कोणी घोडा काढत नाही, उद्या या. बाई म्हणाल्या, "पण दिग्ना तर म्हणाली, आता कोणी मानत नाही." मला वाटलं, यांना परत पाठवलं तर तुझं बोलणं खोटं पडेल आणि तुझ्या पोटावर पाय येईल. हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. सगळे अड्डे बंद, आणि सान हुआनची गाडी फक्त माझ्या दारात. मला ओनेसिमासमोर मिरवायचं होतं. हे मी पाद्रीबाबांनाही सांगितलेलं नाही.

तेओफिलो म्हणाला, मी आज खोगिराला हात लावणार नाही, आणि खोलीत जाऊन दार लावून बसला. मला एकटीला दोन घोडे वर नेता येत नाहीत. म्हणून काकांकडे गेले. ते आंब्याखाली खुर्चीत होते, एवढं मी खरं लिहिलं होतं. पहिल्यांदा ऐकलंच नाही असं दाखवलं. मग मी म्हटलं, काका, दिग्नाची माणसं आहेत. तेव्हा उठले. मला माहीत होतं, तुझं नाव घेतलं की उठतील.

म्हणाले, "घोडी डोहापर्यंत नेईन. पाण्याला पाय लावणार नाही. ओढे दगडांवरून ओलांडीन." आणि खरोखर, दिग्ना, लगाम लांब सोडून दगडादगडांवरून उड्या मारत गेले, या वयात. वर पोचल्यावर डोहाकडे पाठ करून बसले. बघणंसुद्धा नको म्हणाले. मी पलीकडे कनेलाचं खोगीर सैल करत होते. बाई किंचाळल्या तेव्हा मी मान वळवून पाहिलं आणि मला कळलं की त्या नुसत्या घसरल्या आहेत, पाणी कमरेपर्यंत आहे. पण काकांची पाठ होती. त्यांनी फक्त किंकाळी ऐकली. उठले आणि वळता वळताच पाण्यात गेले. बुडत्या माणसासाठी धावतो तसे. दगडाची धार नडगीत घुसली ती तेव्हा.

बाईंना काठावर ठेवलं आणि पाहिलं की त्या हसताहेत. पाणी किती आहे ते पाहिलं. मग गुडघे टेकून बसले. मला वाटलं, लागलंय म्हणून. जवळ गेले तर म्हणाले, "नेरेइदा, ती बुडत नव्हती. मी उगीच उतरलो." तेवढंच म्हणाले आणि घोडी खाली घेऊन आले.

आम्ही ठरवलं की कोणाला सांगायचं नाही. म्हणजे मी ठरवलं, त्यांनी मान हलवली. गावात कळलं असतं तर ओनेसिमाने मला जगू दिलं नसतं. म्हणून शनिवारी घरामागे पडले असं मीच उठवलं. दवाखान्यात नेलं नाही, कारण जखम शुक्रवारची होती आणि आमचं पडणं शनिवारचं.

आता पुढचं ऐक. मे महिन्यात एकदा मी जबरदस्तीने मोजा काढला. जखम काळी पडली होती, वास येत होता. आणि तिच्या भोवती, घोट्यापासून वर, कातडी सुकून पांढुरकी झाली होती आणि तिचे तुकडे एकावर एक उभे राहिले होते, चकचकीत. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हणाले, "बघ. सुरू झालं."

दिग्ना, मी मागे सरकले. मी शहाणी बाई, पाहुण्यांना डोहात उतरवणारी, अंगावर काटा येऊन दोन पावलं मागे सरकले. ते त्यांनी पाहिलं. त्यांना थोडी शंका होती तीही माझ्यामुळे गेली. तेव्हापासून मोज्याला कोणाला हात लावू देत नाहीत.

नर्सबाईंना बोलावलं, तर काकांनी त्यांना उंबऱ्यावरूनच घालवून दिलं. नर्सबाई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, हा वास चांगला नाही, शहरातल्या इस्पितळात न्या, नाहीतर आधी पाय जाईल आणि मग माणूस. मी हात जोडले, तेओफिलोने हात जोडले. काका म्हणतात, "डॉक्टर खवले बघेल आणि जगभर सांगेल. दिग्नाचा बाप मासा झाला म्हणून. तिला तिथे तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मी उतरलोय, मी भोगीन." आता रोज संध्याकाळी ताप चढतो.

तू ये. तुझं ऐकतील. मला शिव्या घालायच्या त्या इथे येऊन घाल.

नेरेइदा

सान हुआन
२९ जून १९९५

ताई,

तुला शिव्या घालायला माझ्याकडे तोंड नाही.

मी येऊ शकत नाही. आले तर परत येता येणार नाही. कागद नाहीत, आणि ती होडी मी पुन्हा चढणार नाही. तुला कधी सांगितलं नाही, आमच्यातले सगळे पोचले नव्हते. इथून जे पाठवते त्यावर बाबांचं घर उभं आहे, त्यांचं औषध निघालं तर तेही यातूनच निघेल. हे सगळं खरं आहे. आणि तरी लिहिताना असं वाटतं आहे की मी पुन्हा कोणाला तरी पुढे करते आहे आणि स्वतः मागे उभी राहते आहे.

खूप विचार केला. बाबांना डॉक्टरचं, नर्सचं, तुझं पटणार नाही. म्हणून सोबत त्यांच्यासाठी वेगळा कागद जोडला आहे. त्यात लिहिलेलं खोटं आहे, ताई. त्या शुक्रवारी मी बाईंच्या रिकाम्या घरात चादरींना इस्त्री करत होते. पाण्यात मी अंगठासुद्धा बुडवला नाही. पण आपण दोघी आपल्या फायद्यासाठी इतकं खोटं बोललो आहोत, तर एकदा त्यांच्यासाठीही बोलू. वाचताना अडखळू नकोस. तुला खोटं छान सजवता येतं, हे मी रागाने म्हणत नाही.

दिग्ना

(सोबतचा कागद)

बाबा,

नेरेइदाताईने मला सगळं लिहिलं. तिच्यावर रागावू नका. मी तुम्हाला एक सांगते, ते कोणाला सांगितलेलं नाही. त्या शुक्रवारी मीही पाण्यात उतरले. इथे सगळे समुद्रावर गेले होते, मीही गेले, गळ्याइतक्या पाण्यात पोहले. कोणी बुडत नव्हतं, कोणाला वाचवायचं नव्हतं, नुसती मजा म्हणून. आणि मला काहीही झालं नाही, बाबा. माझे पाय होते तसे आहेत. तेव्हा तुम्हाला जे झालं आहे ते जखमेमुळे झालं आहे. डॉक्टरकडे जा. माझी शपथ आहे.

तुमची,
दिग्ना

पालो आल्तो
३० जुलै १९९५

प्रिय दिग्ना,

काका जिवंत आहेत. हे आधी.

तुझा कागद मी त्यांना सकाळी वाचून दाखवला, तेओफिलोला बाहेर पाठवून. ऐकताना डोळे मिटून पडले होते. संपल्यावर डोळे उघडले. मग म्हणाले, "पुन्हा वाच. पाण्याचं तेवढं."

मी वाचलं. गळ्याइतक्या पाण्यात, इथवर आले.

"गळ्याइतक्या," म्हणाले. "मी तर कमरेइतक्याच."

"पण काका, तिला काही झालं नाही, असं लिहिलंय पुढे."

"मीही तेच सांगत होतो ना तुम्हाला? काही झालं नाही, जरा खरचटलंय. पहिल्या पत्रात तूही तेच लिहिलंस. बापाला काळजी नको म्हणून लिहिलंय तिने. पोर परक्या घरात राहते. मोजे घालून काम करत असेल."

मी म्हटलं, काका, तसं नसेल. तर माझ्यावर डाफरले, पहिल्यांदाच, "तुला काय ठाऊक? माझा पाय बघून तू लांब झालीस. तिचा बघून तिथले लोक काय करतील?"

मग म्हणाले, माझे बूट दे. बूट पायात जाईना. तेओफिलोने त्यांना कनेलावर बसवलं आणि रस्त्यापर्यंत नेलं, तिथून ओनेसिमाच्या भावाच्या गाडीने शहरात. हो, ओनेसिमाच्या. मी तिच्या दारात गेले आणि शुक्रवारपासूनचं सगळं सांगितलं. तिने लगेच भावाला गाडी काढायला लावली. मला वाटलं होतं, टोमणे मारेल. मारले असते तर बरं वाटलं असतं.

इस्पितळात तरुण डॉक्टर होता. काका त्याला म्हणाले, "मला माझ्यासाठी काही नको. माझ्या मुलीला हेच झालंय, ती पोर्तो रिकोत असते, तिला तिथे दाखवता येत नाही. माझ्यावर करून बघा. लागू पडलं की तिला पाठवू." डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी त्याला व्हरांड्यात नेऊन सांगितलं. मला वाटलं होतं, हसेल. हसला नाही. आत जाऊन म्हणाला, "ठीक आहे, काका. तुमच्यावर करून बघू. पण पुरतं करावं लागेल, नाहीतर तिला काय पाठवायचं ते मला कळणार नाही."

साखरेचा आजार निघाला, कित्येक वर्षांचा. त्यामुळे जखम भरत नव्हती, त्यामुळे कातडी तशी झाली. डॉक्टर म्हणाला, एप्रिलमध्ये आणलं असतं तर मलमपट्टीवर भागलं असतं. हे वाक्य माझ्यासाठी आहे, मी ते रोज सकाळी उठले की ऐकते. करंगळी आणि शेजारचं बोट काढावं लागलं. पाय राहिला. कापायच्या आधी काकांनी विचारलं, "मुलीचीही काढावी लागतील का?" डॉक्टर म्हणाला, नाही, तिचं एवढं पुढे गेलेलं नाही. तेव्हा सही म्हणून अंगठा दिला.

आता घरी आहेत. काठी घेऊन आंब्यापर्यंत जातात. चढणीवर पुन्हा घोडी नेता येणार नाही. कनेला सकाळी निघताना त्यांच्या खुर्चीपाशी थांबते आणि तेओफिलो लगाम ओढतो तरी हलत नाही. मला ते बघवत नाही, मी घरात जाते.

या पत्राबरोबर एक डबी येते आहे. ते डॉक्टरने दिलेलं मलम आहे. काकांनी चमच्याने बरोबर अर्धं काढून त्यात भरलं. मी म्हटलं, काका, तुम्हाला पुरायचं नाही. म्हणाले, तिला पोचलं असं कळेपर्यंत मी माझं उघडणार नाही. खरंच उघडत नाहीत, दिग्ना. गोळ्यांचंही तेच चाललंय, अर्ध्या बाजूला ठेवतात. निरोप दिलाय तो जसाच्या तसा लिहिते: "पाय धुऊन, कोरडा करून लाव. लाज धरू नकोस. तू पोहलीस म्हणून मी रागावलो नाही."

आता काय करायचं ते तू सांग. मला आता स्वतःहून काही ठरवायची भीती वाटते.

नेरेइदा

सान हुआन
१९ ऑगस्ट १९९५

ताई,

डबी मिळाली. झाकणाला त्यांनी मेण लावलं होतं, सांडू नये म्हणून.

आधी ठरवलं होतं की आता खरं लिहून टाकायचं. कागद घेतला, "बाबा, मी पोहले नव्हते" इथपर्यंत लिहिलं. मग वाटलं, हे वाचल्यावर ते मलम उघडतील, की आपल्याला फसवलं म्हणून डबीच फेकून देतील आणि पुन्हा मोजा चढवतील? मला सांगता येत नाही. माझे बाबा, आणि मला सांगता येत नाही. कागद फाडला.

मग पाय धुतले. कोरडे केले. खाटेवर बसून घोट्यापासून वर मलम लावलं, दोन्ही पायांना, त्यांनी सांगितलं तसं. पायांवर एक ओरखडासुद्धा नाही, ताई. धडधाकट पाय आहेत, बाईंच्या चपला घालून फिरणारे. लावता लावता इतकं रडू आलं की शेजारच्या खोलीतली बाई काय झालं म्हणून बघायला आली. मी म्हटलं, पायाला लागलंय.

बाबांना सांग, मलम मिळालं, त्याच दिवशी लावलं आणि उतार पडतो आहे. पण पुरतं बरं झालंय असं मात्र सांगू नकोस, कधीच सांगू नकोस. म्हणावं, तिचं हळूहळू उतरतंय, तुम्ही लावाल तितकंच तिला लागू पडतं आहे, गोळ्या तुम्ही पुऱ्या घेतल्या तरच तिला कोणत्या द्यायच्या ते डॉक्टरला कळेल. आणि पुढच्या महिन्यात तपासणीला जातील तेव्हा माझ्या पायाचंही विचारून यायला सांग.

दिग्ना